रिकाम्या बाकांचा वर्षावास

मृग नक्षत्र लागले की अजिंठ्याच्या बाजारपेठेत दोन प्रकारच्या व्यवसायांचे भवितव्य एकाच आठवड्यात ठरते. बियाण्या-खतांच्या दुकानांपुढे सकाळपासून रांगा लागतात आणि आमच्यासारख्यांच्या शिकवणी वर्गांतील बाके एकामागून एक रिकामी होत जातात. दोन्ही घटनांचे कारण एकच. घरातला पैसा सरकीच्या पाकिटात आणि खताच्या गोणीत जातो, घरातली मोठी माणसे शेतात जातात, आणि आठवी-नववीतले लेकरू सरकी टोकायला, नाही तर धाकट्या भावंडांना सांभाळायला मागे राहते. पालक दाराशी येऊन संकोचाने सांगतात, "सर, फीचं आता दिवाळीनंतर बघू." यात त्यांचा काही दोष नाही. दोष कोणाचाच नाही; परंतु दर महिन्याच्या एक तारखेला खोल्यांचे भाडे मात्र न चुकता मागितले जाते.

आम्ही दोघे याच निवासी विद्यालयाचे माजी विद्यार्थी. एकाच तुकडीत शिकलो, वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिलो, भारनियमनाच्या रात्री एकाच कंदिलाभोवती अभ्यास केला. पुढे एकाने डी.एड. केले, दुसऱ्याने बी.एड. केले. शिक्षकाच्या कायम नोकरीसाठी काय काय करावे लागते आणि काय काय मोजावे लागते, हे स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. ते आमच्या आवाक्यात नव्हते. म्हणून बारा वर्षांपूर्वी दोन पत्र्याच्या खोल्या भाड्याने घेतल्या आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी, माध्यमिक शाळेचे गणित व इंग्रजी आणि संगणकावरील टंकलेखन असे वर्ग सुरू केले. आमच्यामागे कोणत्याही संस्थेचे नाव नाही, हजेरीपट नाही, वेतनश्रेणी नाही. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेले आमच्यासारखे अनेक जण सिल्लोड, सोयगाव, कन्नड, भोकरदन या तालुक्यांत असेच वर्ग चालवीत आहेत. कोणी इंग्रजी संभाषण शिकवतो, कोणी शिवणकाम, कोणी स्पर्धा परीक्षांचे सामान्य ज्ञान. स्मरणिका समितीने आम्हांस 'यशाची वाटचाल' या विषयावर लिहावयास सांगितले होते. आम्ही परवानगी मागून विषय बदलला. यशाच्या महिन्यांविषयी कोणीही लिहील. मृगापासून दसऱ्यापर्यंतच्या मंदीच्या महिन्यांविषयी कोणी लिहीत नाही, आणि स्वतंत्रपणे शिकवणाऱ्या शिक्षकाचे बरेवाईट, आमच्या मते, त्याच महिन्यांत ठरते.

प्रथम आमच्या हातून काय चुकले ते सांगतो. पहिली तीन वर्षे पावसाळा म्हणजे आमच्या दृष्टीने केवळ संकट होते. पहिल्या वर्षी आम्ही फी निम्मी केली. तालुक्यातील इतर वर्गांनीही केली. आम्ही आणखी कमी केली. विद्यार्थी मात्र वाढले नाहीत, कारण मुले फीमुळे थांबलेली नव्हती, पेरणीमुळे थांबलेली होती. दुसऱ्या वर्षी एकदम चार नवे अभ्यासक्रम जाहीर केले. त्यांतील दोन आम्हांला स्वतःलाच धड येत नव्हते. तिसऱ्या वर्षी बसस्थानकासमोर मोठा फलक लावला आणि त्यावर शिष्यवृत्ती मिळवलेल्या आठ मुलांची छायाचित्रे छापली. त्यांतील एक मुलगा आमच्याकडे जेमतेम पंधरा दिवस आला होता. त्याच्या वडिलांनी फलक पाहिला, काही बोलले नाहीत, फक्त आमच्याकडे पाहून हसले. ते हसणे आजही आठवते. ज्या शाळेत पंचशील म्हणून दिवस सुरू होत असे, त्या शाळेत शिकलेल्या दोघांनी चौथ्या शीलाचे काय केले, हे त्या फलकावर सात फूट उंचीच्या अक्षरांत लिहिलेले होते. फलक आम्ही दुसऱ्याच दिवशी उतरवला. पण मन उतरलेलेच राहिले, आणि आमच्यापैकी एकाने वाळूजच्या कारखान्यात कामासाठी अर्जही करून ठेवला.

त्याच वर्षी आषाढ पौर्णिमेला वस्तीतील विहारातून निरोप आला. वर्षावासात दररोज सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करण्याचा परिपाठ आपल्या बहुतेक विहारांत आहे. आमच्या विहारातील नेहमीचे वाचक आजारी होते. निरोप घेऊन आलेल्या आजी म्हणाल्या, "तुमचे वर्ग बंदच असतात ना आता, मग या दोघं." वाक्य थोडे लागले, पण खरे होते. आम्ही गेलो. तीन महिने आळीपाळीने वाचले. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या जणांना अक्षरओळख नव्हती, आणि प्रश्न मात्र त्यांचेच अधिक असत. "पावसातच का बसायचं एका जागी?" असा प्रश्न एका बाईंनी विचारला. उत्तर देता येईना, म्हणून आम्ही विनयपिटकाचे भाषांतर मिळवून महावग्ग वाचावयास घेतला. आमच्या पुढील विचाराचा उगम त्या प्रश्नात आहे.

महावग्गात या नियमामागील कारण दिले आहे, आणि ते ध्यानधारणेचे नाही, शेतीचे आहे. आरंभी भिक्खू हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असे बाराही महिने चारिका करीत. लोकांनी तक्रार केली की इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका ठिकाणी राहतात, पक्षीसुद्धा झाडावर घरटे करून थांबतात, आणि हे श्रमण मात्र कोवळे हिरवे तृण तुडवीत, लहान जीव चिरडीत हिंडतात. तथागतांनी ती तक्रार रास्त मानली आणि पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. म्हणजे वर्षावासाचा जन्मच पेरणीच्या दिवसांत, उगवत्या पिकाच्या काळजीतून झाला. ज्या कारणाने आमची बाके रिकामी होतात, त्याच कारणाने संघाने आपली पावले थांबवली होती. आम्ही त्या कारणाशी भांडत होतो.

ज्यांनी लहानपणी शाळेच्या सहलीत अजिंठ्याची लेणी पाहिली, त्यांना बारावे लेणे आठवत असेल. तेथे रंग नाही, सोन्यासारखी चित्रे नाहीत, म्हणून पर्यटक दाराशीच डोकावून पुढे जातात. आत तीन बाजूंना बारा कोठड्या आहेत आणि प्रत्येकीत दगडातच कोरलेले दोन ओटे. एक सोबती इकडे, एक तिकडे. आम्ही दोघे सहावीत असताना त्या ओट्यांवर आडवे झालो होतो आणि गुरुजींचा मार खाल्ला होता. तेव्हा वाटले होते, इतक्या सुंदर दरीत येऊन माणसे अशा अंधाऱ्या खोलीत का राहत असतील. पावसाळ्यात वाघोरा नदी भरून वाहते, धबधब्याचा आवाज दरीत घुमतो, पायवाटा निसरड्या होतात. तेव्हा त्या खोलीचा अर्थ कळतो. येथील लेण्यांपैकी मोजकी चैत्यगृहे सोडली तर बाकीचे बहुतेक सगळे विहार, म्हणजे राहण्याच्या जागा. आपल्या गावाचे नाव ज्यामुळे जगभर गेले, ती लेणी मुळात कामाला हंगाम नसलेल्या महिन्यांसाठी बांधलेली घरे आहेत! हे ध्यानात येईपर्यंत आम्हांला वयाची तिशी ओलांडावी लागली, याची थोडी लाजही वाटली.

परंतु थांबणे म्हणजे नुसते बसणे नव्हे. महावग्गातच कोसल देशातील काही भिक्खूंची कथा आहे. वर्षावासात भांडण नको म्हणून त्यांनी आपसांत न बोलण्याचा करार केला, तीन महिने कामे वाटून घेऊन मुक्याने काढले आणि नंतर तथागतांना आम्ही सुखाने राहिलो असे सांगितले. त्यांची प्रशंसा झाली नाही. हा मुक्या जनावरांसारखा सहवास आहे, असे त्यांना सुनावले गेले, आणि त्याच प्रसंगी पवारणेचा नियम आला. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खूने संघासमोर बसून विनंती करावयाची की माझ्याविषयी काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका आली असेल, तर कृपा करून मला सांगा. ज्येष्ठ भिक्खूपासून सुरुवात होते, नवख्यापासून नव्हे. शिक्षक म्हणवून घेणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आणखी एक सवलत आहे, ती आम्हांला विशेष आवडते. वर्षावासात जागा सोडून जाण्यास मनाई असली तरी काही कामांसाठी सात दिवसांपुरते जाता येते. आजारी सोबत्याची शुश्रूषा हे त्यांपैकी एक. दुसरे असे की एखाद्या उपासकाला एखादे सुत्त मुखोद्गत असेल आणि ते लोप पावण्यापूर्वी येऊन शिकून घ्या असा त्याचा निरोप आला, तर भिक्खूने जावे. शिकवणारा भिक्खू, आणि तो शिकावयास जातो एका गृहस्थाकडे!

आमचे सात दिवस असे गेले. तालुक्याच्या गावी एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांनी अनेक वर्षे यंत्रावरील टंकलेखनाची संस्था चालवली होती. टंकलेखनाची परीक्षा संगणकावर आली तेव्हा त्यांनी यंत्रे भंगारात दिली आणि घरी बसले. आमचे विद्यार्थी तेव्हा मराठी तीस शब्दांच्या परीक्षेत वारंवार अडखळत असत आणि त्याचे कारण आम्हांस समजत नव्हते. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आमच्या एका विद्यार्थिनीला टंकलेखन करताना पाहिले, पडद्याकडे एकदाही न बघता, फक्त तिच्या बोटांकडे बघत. मग म्हणाले, "हिला वेग नाही असं नाही. जोडाक्षर आलं की ही थांबते, आणि रफार कधी द्यायचा ते हिला प्रत्येक वेळी नव्याने आठवावं लागतं." पुढे सात दिवस त्यांनी आम्हां दोघांनाच बसवून जोडाक्षरांचे सराव करून घेतले. हे सराव कोणत्याही पुस्तकात नव्हते, त्यांच्या डोक्यात होते. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. त्यांचे सराव आमच्या वहीत आहेत आणि दर वर्षी नव्या मुलांना आम्ही तेच देतो. व्यग्र महिन्यांत आम्ही त्यांच्याकडे कधीच गेलो नसतो.

येथे थोडे विषयांतर करून बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका वर्षाची आठवण करून देतो, कारण त्यांच्या चरित्रातील मोठे प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहेत, हे वर्ष मात्र सहसा वगळले जाते. १९१७ मध्ये परदेशातील शिक्षण अर्धवट ठेवून ते परतले, बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसून मुंबईस आले आणि हाती काहीच नव्हते. त्या काळात त्यांनी दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. समभागांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला होता, पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच येणारे येईनासे झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस दोन शिकवण्यांवर घर चालवीत होता. आमच्या दोन खोल्यांत बसून हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच मंदीच्या काळात त्यांनी काय केले? भारतातील शेतजमिनीचे लहान लहान तुकडे आणि त्यावरील उपाय या विषयावरील त्यांचा निबंध १९१८ मध्ये अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथावरील त्यांचे परीक्षणही त्याच वर्षीचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि त्या वेतनातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज जोडून १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

पुढेही असेच घडले. वकिली सुरू केली तेव्हा पक्षकार फार येत नसत. १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत असत, अर्धवेळ. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची, आणि सभेने सोलापूरला काढलेले वसतिगृह १९२५ च्या जानेवारीतील. आपण ज्या वसतिगृहाच्या खोल्यांत वाढलो, त्या परंपरेतील एक आरंभीचे पाऊल अशा काळात पडले, जेव्हा ते टाकणाऱ्याचे स्वतःचे उत्पन्न स्थिर नव्हते. १९५० मध्ये छत्रपती संभाजीनगरला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, त्याची मुळे आम्हांला या वर्षांत दिसतात. महापुरुषांशी आपली तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की शिकवण्यांवर जगणे ही कमीपणाची गोष्ट नाही, आणि दोनच विद्यार्थी असलेले वर्ष वाया गेलेच पाहिजे असे नाही.

आता आमच्या वर्गाविषयी. त्या तिसऱ्या वर्षानंतर आम्ही पावसाळ्यात एकच काम नेमाने करू लागलो. सरलेल्या वर्षातील मुलांच्या सराव उत्तरपत्रिका आम्ही रद्दीत देत नाही. आषाढात त्या काढून बसतो आणि गुण न पाहता फक्त चुका उतरवून घेतो. या चुकांच्या वहीने आम्हांला जितके शिकवले तितके अध्यापक महाविद्यालयाने शिकवले नाही. उदाहरण देतो. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी लिहिणारी मुले प्रत्येक तुकडीत निघतात, हे कोणताही गणित शिक्षक जाणतो. परंतु शाब्दिक उदाहरणे चुकवणाऱ्या मुलांची नावे एकाखाली एक लिहिली, तेव्हा त्यांतील पुष्कळशी तांड्यावरची आणि ताडवी वस्तीतील आहेत असे दिसले. त्यांचे गणित कच्चे नव्हते. तीच उदाहरणे आकड्यांत मांडून दिली की ती बरोबर सोडवीत. अडत होते 'पेक्षा' या शब्दापाशी. 'सीमापेक्षा पाच रुपये कमी' यात पाच कोणाच्या पैशांतून वजा करावयाचे, हे घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला क्षणभर उमगत नाही, आणि परीक्षेत तो क्षणच महाग पडतो. दहा वर्षे शाळेत आणि वर्गात या मुलांना आपण 'गणितात ढ' म्हणत आलो. आता श्रावणात आम्ही अशा तीस-चाळीस वाक्यांचा सराव तयार करतो, कधी मुलांच्या आयांना विचारून त्यांच्या बोलीत तेच वाक्य कसे म्हणतात ते लिहून घेतो. गोरमाटीतील काही शब्द आम्हांला आता येतात. उच्चार ऐकून मुले हसतात, तेही बरेच आहे.

वेळेचाही विचार करावा लागला. पेरणी आणि निंदणीच्या दिवसांत चार वाजताच्या वर्गाला मूल येणार नाही, पण रात्री आठला येते. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीमाई यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती याच हिशेबाने. पावसाळ्यातील आमचा रात्रीचा वर्ग लहान असतो, कधी नऊ, कधी बारा जण. त्यात अधूनमधून एखादे पालकही येऊन बसतात, सही करावयास शिकतात, कृषी सेवा केंद्राची पावती वाचावयास शिकतात. त्याची फी आम्ही घेत नाही, पण म्हणून ती समाजसेवा आहे असेही म्हणत नाही. त्या पालकांचीच मुले दिवाळीनंतर आमच्याकडे येतात. आमचा फलक आता तोच आहे.

पैशाचे बोलल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. आमचे उत्पन्नाचे महिने आठ, खर्चाचे बारा. हे गणित आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो आणि स्वतः मात्र तीन वर्षे केले नव्हते. आठ महिन्यांत येणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतील तेहतीस बाजूला पडले, तरच उरलेले चार महिने सारखे जातात. आम्ही ते वेगळ्या खात्यात टाकतो आणि मृगापर्यंत त्याला हात लावत नाही. दोन वर्षे लावावा लागला, एकदा आजारपणात आणि एकदा २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा मार्चपासूनच वर्ग बंद पडले. फी घेण्याचे दिवसही आम्ही बदलले. जूनमध्ये फी मागणे म्हणजे पालकाला सावकाराच्या दारी पाठवणे होय. कापूस घरात आल्यावर, मका विकल्यावर फी घ्यावी. यातही जुन्या लोकांचे शहाणपण दिसते. कठिन चीवरदान पवारणेनंतर, आश्विन पौर्णिमा ते कार्तिक पौर्णिमा या महिन्यात होते, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा शेतकऱ्याच्या घरात काही आलेले असते. दान घेणाऱ्यांनी देणाऱ्याचा हंगाम ओळखला होता.

यावर एका जुन्या सोबत्याने आम्हांला खडसावून विचारले होते. तो म्हणाला, "भिक्खूंना वर्षावास परवडत होता, कारण गाव भिक्षा घालत होते. मला माझ्या बँकेचा हप्ता कोण घालणार?" प्रश्न बिनतोड आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याने जूनमध्ये कारखान्यात रोजंदारीवर जावे. त्याला कोणी धीराचे उपदेश करू नयेत, आम्ही तर मुळीच करणार नाही. पण मग प्रश्न त्या एकट्याचा उरत नाही, गावाचा होतो. वर्षावास एकट्या भिक्खूचा कधीच नव्हता. विहार कोणी तरी कोरून दिला होता, अन्न कोणी तरी शिजवत होते. स्वतंत्र शिक्षकाला आपण दुकानदार समजतो आणि त्याच्या रिकाम्या महिन्यांची काळजी त्यानेच करावी असे धरून चालतो. त्याच्याकडे शिकणारी मुले मात्र आपली असतात.

म्हणून विद्यालयाच्या व्यवस्थापनास आणि माजी विद्यार्थ्यांस आमची एक विनंती आहे. निधी, पुरस्कार किंवा मेळावा आम्ही मागत नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या रविवारी विद्यालयाचे ग्रंथालय आणि एक वर्गखोली उघडी ठेवावी. वर्ग चालवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी तेथे यावे, आपल्या चुकांच्या वह्या आणाव्यात, एकाने दुसऱ्यासमोर एक पाठ घ्यावा आणि दुसऱ्याने तो निर्दयपणे तपासावा. जे कायम नोकरीत आहेत त्यांनीही यावे. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा, पुस्तके, प्रशिक्षणे आहेत. आमच्याजवळ नापास झालेल्या मुलांचा अनुभव आहे, आणि तो कमी मोलाचा नाही. शिवणकाम शिकवणाऱ्या भगिनींनी यावे. मापे घेताना लागणारे अपूर्णांक त्या ज्या सहजतेने शिकवतात, ते आम्हांला जमत नाही. आणि पालकांनी आश्विन पौर्णिमेला यावे, मुलांना घेऊन यावे.

ते कशासाठी, हे आमच्याच वर्गातील उदाहरणाने सांगतो. गेली काही वर्षे आम्ही आश्विन पौर्णिमेच्या सायंकाळी मुलांना आणि पालकांना बोलावून, खुर्च्या त्यांना देऊन, स्वतः सतरंजीवर बसतो आणि विचारतो की आमच्या शिकवण्यात काय चुकते ते सांगा. पहिल्या वर्षी कोणी बोलले नाही. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी आमची स्तुती केली, त्याचाही काही उपयोग नव्हता. तिसऱ्या वर्षी एका आजोबांनी सांगितले की तुम्ही दोघे मुलांदेखत एकमेकांची चूक काढता, ते बरे दिसत नाही. गेल्या आश्विनात सातवीतील एक मुलगी उभी राहिली. वर्षभर ती शेवटच्या बाकावर बसे आणि तिच्या तोंडून आम्ही क्वचितच शब्द ऐकला होता. ती म्हणाली, "सर, तुम्ही फळा पुसता तेव्हा मागच्या बाकावर आमचं अर्धंच लिहून झालेलं असतं." एवढेच बोलून ती खाली बसली. तिच्या आईने तिला गप्प करण्यासाठी हात उचलला होता, तो आम्ही थांबवला.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात डस्टर फळ्याजवळ नसते. ते शेवटच्या बाकावर ठेवलेले असते, आणि तिथे बसलेल्याने आणून दिल्याशिवाय फळा पुसला जात नाही.